इस्माईलभाईंचं नवं इंजिन

"बस, एवढंच?"

इस्माईलभाईंनी तळहातावरची ती चौकोनी चकती आधी चष्म्यातून पाहिली, मग चष्मा कपाळावर सरकवून पाहिली. दोन्ही वेळा ती ग्लुकोजच्या बिस्किटापेक्षा लहानच भरली. बैठकीतल्या सतरंजीवर कॉम्प्युटरचा डबा आडवा पडला होता. त्याचं झाकण उघडं होतं आणि त्यांचा मुलगा खालिद हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन ती चकती परत मिळण्याची वाट पाहत होता.

"अब्बा, खालून बोटं नका लावू. नाजूक राह्यते ते."

"अन् याले तू इंजिन म्हणतं?"

"इंजिन तुमी म्हणता. मी प्रोसेसर म्हणतो. जुन्यापेक्षा चौपट ताकद हाय त्याची."

"चौपट!" इस्माईलभाईंचा आवाज एकदम बदलला. त्यांनी चकती दोन्ही हातांनी धरली आणि स्वयंपाकघराकडे तोंड केलं. "मेहरबी, ऐकलं का? चौपट!"

"ऐकलं," मेहरबी आतून म्हणाल्या. "आता त्या चौपटले बाजूले ठेवा अन् जेवाले या."

मंगरूळपीरच्या स्टँडवर इस्माईलभाईंना कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्यांना बिल्लेवाले म्हणत. जन्मभर एस.टी. चालवली, पण गाडीला कधी साधा ओरखडा पडू दिला नाही, म्हणून निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या मंडळींनी त्यांच्या खाकी शर्टाला पितळेचा एक बिल्ला लावला होता. त्यावर कोरलं होतं, 'विनाअपघात'. तो बिल्ला दर शुक्रवारी चिंच लावून घासला जाई. मेहरबींच्या सोन्याच्या बांगड्यांनाही घरात एवढा मान नव्हता आणि ही गोष्ट मेहरबी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असत.

निवृत्त झाल्यावर मात्र या माणसाचं काय करायचं, हा घरापुढे मोठाच प्रश्न उभा राहिला. ते सकाळी उठून खाकीला इस्त्री करत, स्टँडवर जात आणि नव्या ड्रायव्हरांना गाडी मागे कशी घ्यायची ते न विचारता शिकवत. ड्रायव्हर वैतागले की घरी येऊन मेहरबींना पोळी कशी लाटायची ते शिकवत. शेवटी खालिदनेच उपाय काढला. त्याचं स्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे एक जुना कॉम्प्युटर पडून होता. तो त्याने घरी आणला, त्याला खेळण्यातलं स्टिअरिंग आणि पायाखालचे पेडल जोडले, आणि 'घाटवाट' नावाचा खेळ त्यात टाकून दिला. या खेळात गावोगावचे लोक आपापल्या घरात बसून एकाच घाटात गाड्या पळवत. कोणी बस घ्यायची, कोणी ट्रक, कोणी आणखी काही. इस्माईलभाईंनी अर्थातच लाल बस घेतली, स्टिअरिंगला मखमली कव्हर चढवलं, आणि मेहरबींचं स्वयंपाकघर मोकळं झालं.

जुना कॉम्प्युटर तसा थकलेला होता. वळण आलं की पडद्यावरचं चित्र जागच्या जागी अडकायचं आणि जरा वेळाने पुढे उडी मारायचं. दुसरा कोणी असता तर त्याने कपाळावर हात मारला असता. इस्माईलभाईंनी ते अडकणंच पाठ करून टाकलं. वळण दिसलं की ते चित्र अडकायच्या आधीच स्टिअरिंग फिरवायचे, तोंडाने "या अल्ला, खैर" म्हणायचे, आणि 'खैर' म्हणेपर्यंत चित्र सुटून गाडी अलगद वळणाबाहेर निघालेली असायची. खेळातही त्यांच्या नावापुढे 'अपघात : ०' असंच लिहून येत असे. पाठीमागे स्टुलावर त्यांचे जुने कंडक्टर उकंडराव बसायचे. हातात स्टीलचा ग्लास आणि चमचा. एकदा वाजवला की थांबा, दोनदा वाजवला की चला. उकंडरावांची डबल बेल झाल्याशिवाय इस्माईलभाई घरात बसूनही गाडी हलवत नसत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना किन्हीराजाचे दौलतसिंग मध्ये आले. दौलतसिंग जुने ट्रकवाले. एके काळी त्यांचा ट्रक आणि इस्माईलभाईंची बस रस्त्यावर समोरासमोर आली की आधी साइड कोण देणार यावरून दोघांचे हॉर्न कोसभर ऐकू जात. आता तेही नातवाच्या कॉम्प्युटरवर घाटवाट खेळत होते, आणि जिल्ह्यातल्या खेळाडूंनी भरवलेल्या शर्यतीत रविवारच्या शेवटच्या सामन्यासाठी हेच दोघे उरले होते. त्याच्या आधीच्या सामन्यात मात्र इस्माईलभाईंचं चित्र नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ अडकलं. जिंकले तेच, पण कानाला लावलेल्या हेडफोनमधून, सामना पाहत असलेल्या दौलतसिंगांचा आवाज आला.

"ड्रायव्हरसाहेब, गाडी बंद पडली का? उतरून धक्का देऊ?"

मागून कितीतरी जणांचं हसणं ऐकू आलं. इस्माईलभाईंच्या अंगाची लाही लाही झाली.

"दौलतसिंग," ते म्हणाले, "रविवारी तुमाले माह्या गाडीचा पाठीमागचा नंबर वाचा लागते. अन् ऐकून घ्या सारे जण. रविवारी माही गाडी कुठं घासली जरी, तरी हा बिल्ला मी काढून ठेवीन. पुन्हा लावणार नाई!"

हेडफोन खाली ठेवल्यावर उकंडराव हळूच म्हणाले, "इस्माईलभाई, बिल्ल्याचं कायले बोलले? चहा-नाश्त्यावर भागलं असतं."

पण शब्द तोंडातून गेला होता, आणि दिलेला शब्द खाली पडू द्यायचा नाही ही इस्माईलभाईंची जुनी खोड होती. त्यांनी त्याच संध्याकाळी खालिदला सांगितलं, "इंजिन बदल." खालिद बिचारा वर्षभर हेच म्हणत होता. त्याने दुसऱ्याच दिवशी प्रोसेसर आणला आणि आता तो सतरंजीवर बसून बसवत होता.

"ग्रीस लावलं का?" इस्माईलभाईंनी विचारलं.

"पेस्ट लावली, अब्बा. ग्रीसच समजा."

"रेडिएटर?"

"वरून पंखा हाय."

"पंख्यावर भागते?"

"भागते."

डबा बंद झाला, कॉम्प्युटर सुरू झाला. घाटवाटचा रस्ता पडद्यावर असा काही उलगडला की उकंडराव स्टुलावरून उठून पुढे आले. झाडांची पानं वेगवेगळी दिसत होती. दूर कोणीतरी म्हैस हाकत होता, ती म्हैससुद्धा पाय उचलून चालत होती. आजवर ती म्हैस म्हणजे एक काळा दगड आहे, असाच दोघांचा समज होता.

"आता पळवून पाहा," खालिद अभिमानाने म्हणाला. "फुल स्पीडनं."

इस्माईलभाईंनी मुलाकडे असं पाहिलं की जणू त्याने नमाज सोडून द्यायला सांगितलं होतं. "काय बोलून राह्यला तू? कोरं इंजिन हाय. रविवारपर्यंत चाळीसच्या वर न्यायचं नाई. आधी मोकळं होऊ द्या लागते त्याले. नाई तर पिस्टन घासते."

"अब्बा, याच्यात पिस्टन नसते."

"तुले दिसत नसन."

"अहो, मी आताच बसवला ना! याले रन-इन वगैरे काई लागत नाई."

"खालिद," इस्माईलभाई समजुतीच्या सुरात म्हणाले, "डेपोत कोरं इंजिन आलं की पयले कोणाच्या हातात देत होते? माह्या. काहून? कारण मी त्याले घाई करत नव्हतो. तू तुह्या दुकानाचं पाहा."

खालिदने हात टेकले. त्या दिवसापासून घाटवाटच्या घाटात एक लाल बस डाव्या कडेने, इंडिकेटर लावून, चाळीसच्या वेगाने निघाली. मागून येणारा प्रत्येक जण हॉर्न मारत पुढे जाई आणि इस्माईलभाई प्रत्येकाला हात दाखवून साइड देत. एकदा तर दौलतसिंगांचा ट्रक शेजारून गेला, पुढे जाऊन थांबला आणि हेडफोनमधून खरोखरच्या काळजीने आवाज आला, "ड्रायव्हरसाहेब, तब्येत बरी हाय ना?"

"मजेत," इस्माईलभाई म्हणाले आणि गालातल्या गालात हसले. चौपट ताकद पायाखाली दाबून धरण्यात जे सुख होतं ते या ट्रकवाल्याला काय कळणार!

गावात मात्र वेगळंच सुरू झालं. चौकातली पोरं हाच खेळ खेळत होती. बिल्लेवाले चाचा बैलगाडीसारखी बस चालवून राह्यले, ही बातमी त्यांनी घरोघर नेली. घरांनी तिचा अर्थ लावला की चाचांचे डोळे गेले. मग काय, डेपोतले जुने सोबती मोसंब्यांची पिशवी घेऊन भेटायला आले आणि जाताना मेहरबींना बाजूला घेऊन "काही लागलं तर सांगा भाभी" म्हणून गेले. शेजारणीने डोळ्यांच्या शिबिराची तारीख आणून दिली. शुक्रवारी तर कळस झाला. नमाज आटोपून इस्माईलभाई बाहेर पडले, तर दोन तरुणांनी दोन्हीकडून त्यांचे हात धरले आणि ज्या रस्त्यावरून त्यांनी जन्मभर बस नेली तो रस्ता त्यांना सांभाळून ओलांडून दिला.

"दुवा द्या चाचा," त्यातला एक जण म्हणाला.

इस्माईलभाईंनी दुवा दिली. रविवार आला की हेच लोक तोंडात बोटं घालतील, अशी त्यांची खात्री होती, आणि त्या खात्रीवर ते सगळं हसून सोसत होते.

त्या दिवशी मेहरबींनीही हळूच विचारलं, "खरं सांगा, नीट दिसते ना तुमाले?"

"काल दाळीतला खडा कोणाले दिसला होता?"

"दिसला नव्हता. दाताखाली आला होता."

तिकडे खालिदच्या दुकानावरही संक्रांत आली. याने बापाच्या कॉम्प्युटरचीच वाट लावली, असं लोक बोलू लागले आणि एक गिऱ्हाईक तर दुरुस्तीला टाकलेला कॉम्प्युटर दुरुस्ती न करताच परत घेऊन गेलं. खालिद रोज संध्याकाळी विनवायचा, "अब्बा, एक फेरी, एकच फेरी जोरात मारा. लोकांचं तोंड बंद होईन." अब्बा म्हणायचे, "इंजिन मोकळं होऊन राह्यलं. आवाज ऐक." पंख्याचा आवाज पहिल्या दिवशी होता तसाच होता, पण खालिद मान डोलवून आत निघून जायचा.

रविवारी दुपारी घरापुढच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. खालिदने बैठकीच्या खिडकीत टीव्ही बाहेर तोंड करून ठेवला होता, म्हणजे आतल्या पडद्यावर जे चालेल ते बाहेरच्यांना दिसेल. इस्माईलभाई इस्त्रीच्या खाकीत बाहेर आले. छातीवर बिल्ला झळकत होता. त्यांनी सगळ्यांना सलाम केला, खुर्चीवर बसले, आरसा नसतानाही आरसा नीट करावा तसा हात वर नेला आणि मागे पाहिलं. उकंडरावांनी तेलाने केस चापून बसवले होते. सामना तीन फेऱ्यांचा होता, दोन फेऱ्या जो जिंकेल त्याचा सामना.

"मास्तर?" त्यांनी उकंडरावांना विचारलं.

ग्लासावर चमचा दोनदा वाजला आणि बस निघाली.

आणि काय निघाली! आठवडाभर आवरून ठेवलेला पाय इस्माईलभाईंनी मोकळा केला तसा अंगणात "वा!" झाला. दौलतसिंगांचा ट्रक बघता बघता मागे पडला. मोसंबी आणणारे सोबती एकमेकांकडे पाहून हसले. खालिदने छाती पुढे काढली. समोर पहिलं वळण दिसलं. इस्माईलभाईंचा हात नेहमीप्रमाणे फिरला, तोंडातून नेहमीप्रमाणे निघालं, "या अल्ला—"

पण चित्र अडकलंच नाही. नव्या प्रोसेसरने रस्ता जिथे होता तिथेच, इमानदारीने, अखंड दाखवला. वळण अजून पुढे होतं आणि स्टिअरिंग आधीच फिरलं होतं. 'खैर' म्हणेपर्यंत लाल बस रस्ता सोडून कडेच्या रसवंतीत शिरली, चरखा आणि उसाच्या मोळ्या घेऊन पलीकडून बाहेर पडली आणि एका झाडाला नाक लावून उभी राहिली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'अपघात : १'.

मागून कोणीतरी कुजबुजलं, "डोळेच गेले म्हणा ना."

इस्माईलभाईंनी तो एकचा आकडा पाहिला. मग त्यांनी शर्टाची पिन सोडवली आणि बिल्ला काढून टेबलावर ठेवला. मेहरबी दारात उभ्या होत्या. तो बिल्ला असा उतरलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता, आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"अब्बा," खालिद जवळ आला, "काय झालं?"

"गाडी हातात येऊन नाई राह्यली." इस्माईलभाई म्हणाले. "हलकी लागून राह्यली. वळणावर थांबतच नाई. उरूस उतरल्यावर रिकामी, खाली गाडी डेपोत आणतो ना, तशी."

"हो, हो," उकंडराव म्हणाले. "खाली गाडी तुमाले कधीच मानवली नाई. उरसाच्या दिवशी दाराले लोंबकळती सवारी राहो, फुलासारखी नेत होते."

"मग भरा!" इस्माईलभाई एकदम ताठ झाले. "मास्तर, सवाऱ्या भरा. खाली गाडी घेऊन शर्यतीले कोण उभं राह्यते?"

दोघांनी खालिदकडे पाहिलं. खालिदला आधी हसू आलं, आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जुना कॉम्प्युटर अडकायचा, अब्बांचा हात त्या अडकण्यावर बसला होता! हे सगळं नीट समजावून सांगायला तासभर लागला असता आणि दुसरी फेरी चहा संपेपर्यंत सुरू होणार होती. आयुष्यभर लोकांचे अडकणारे कॉम्प्युटर पळते करून देणारा खालिद आता आपल्या हाताने बसवलेला पळता कॉम्प्युटर अडकवायला बसला.

त्याने आधी घाटवाटच्या मागे दर्ग्यातल्या कव्वालीचा व्हिडिओ सुरू केला. चित्र अडकलं नाही. मेहरबींचा बिर्याणी शिकायचा व्हिडिओ लावला. तरी नाही. मग क्रिकेटचा जुना सामना लावला, व्हायरस शोधायला लावला, दुकानातले सारे फोटो उघडले.

"चला, चला, मागं सरका!" उकंडरावांना राहवलं नाही. ते स्टुलावर उभेच राहिले. "मधात नका उभे राहू! अजून जागा हाय!"

"अब्बा, हे दमतच नाई!" खालिदच्या कपाळावर घाम आला. त्यात अर्धी काळजी होती आणि अर्धी फुशारकी. "एवढं लादलं तरी ढिम्म!"

"इंजिन कोणी मोकळं केलं?" इस्माईलभाई म्हणाले.

शेवटी खालिदने ब्रह्मास्त्र काढलं. त्याची बहीण नाजिया, तिच्या लग्नाचा दिवसभराचा व्हिडिओ कॉम्प्युटरमध्ये होता. तो लहान करून मोबाइलमध्ये टाकून दे, असं मेहरबी कधीच्या म्हणत होत्या. खालिदने ते काम आताच सुरू केलं आणि वर तोच व्हिडिओ लावूनही दिला. डब्यातला पंखा घरघरला. पडद्यावरच्या म्हशीने एक पाय उचलला आणि तो तसाच वर राहिला.

"अडकलं!" खालिद ओरडला.

"अडकलं! अडकलं!" अंगणात टाळ्या पडल्या. कॉम्प्युटर अडकला म्हणून अख्ख्या चौकाने आनंद करावा, असं मंगरूळपीरात पूर्वी झालेलं नव्हतं.

खोलीत एकाच वेळी कव्वाली, बॅंड, क्रिकेटची कॉमेंट्री आणि "आता कांदा लाल होऊ द्या" असा सगळा कल्ला चालला होता. मेहरबींनी कानांवर हात ठेवले. "आवाज तरी बंद करा!"

"राहू दे," इस्माईलभाई म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. "भरल्या गाडीत कल्ला राह्यतेच."

डबल बेल झाली. पहिलं वळण आलं, चित्र अडकलं, हात फिरला, "या अल्ला, खैर", आणि बस वळणाबाहेर अलगद निघाली. दुसरं वळण, तिसरं वळण. मधूनच हेडफोनमधून दौलतसिंगांचा गोंधळलेला आवाज आला, "ड्रायव्हरसाहेब, तुमच्या इकडं काय लग्न लागून राह्यलं?"

"सवाऱ्या हायेत," इस्माईलभाई म्हणाले. "तुमी रस्त्यावर ध्यान द्या."

दुसरी फेरी बसने जिंकली. तिसऱ्या फेरीत दौलतसिंगांनी जुना डाव काढला. ट्रक रस्त्याच्या मधोमध घातला आणि साइड देईनात. इस्माईलभाई घाटभर हॉर्न देत मागे राहिले. शेवटचं वळण आलं तेव्हा ट्रक बाहेरच्या कडेला जरासा ओघळला. आत एक बस जाईल एवढीच वाट झाली, आणि नेमकं तेव्हाच चित्र अडकलं. इस्माईलभाईंचा हात फिरलेला होता. एव्हाना अंगणाला सगळं पाठ झालं होतं. म्हातारे, पोरं, मोसंबीवाले सोबती, रस्ता ओलांडून देणारे ते दोन तरुण, सगळे एका सुरात म्हणाले, "या अल्ला, खैर!"

चित्र सुटलं. बस पुढे होती, ट्रक मागे होता, आणि बसला कुठे ओरखडासुद्धा नव्हता. मेहरबींनी "आता कांदा लाल होऊ द्या"च्या वर आवाज काढून साऱ्या चौकाला चहा सांगितला.

गर्दी पांगल्यावर इस्माईलभाई टेबलाजवळ आले. बिल्ला तिथेच होता. ते त्याच्याकडे पाहत उभे राहिले, हात लावेनात.

"लावा ना," खालिद म्हणाला.

"शब्द दिला होता. पयल्या फेरीत घासली गाडी."

"थांबा," उकंडराव पुढे आले. त्यांनी घसा साफ केला आणि आयुष्यभर गाडी ज्यांच्या हुकमाने थांबली-निघाली त्या माणसाच्या तोऱ्यात विचारलं, "पयल्या फेरीत गाडीत सवारी किती होती?"

"एकबी नाई."

"मग तिकीट फाडलं नाई. तिकीट नाई तर फेरी नाई. अन् फेरीच नाई त अपघात कायचा? कंडक्टर कोण हाय, मी की तो कॉम्प्युटर?"

इस्माईलभाईंनी यावर थोडा विचार केला. जन्मभर डबल बेल मानली होती, ही न मानायला काही कारण नव्हतं. उकंडरावांनी स्वतःच्या हाताने बिल्ला त्यांच्या छातीवर लावला. मेहरबींनी पदराने तो पुसला आणि डोळ्यांतलं पाणी कोणाला दिसू नये म्हणून घाईने आत गेल्या.

खालिद मात्र पडद्यासमोर बसून उघडलेले व्हिडिओ एकेक करून बंद करत होता. न राहवून तो म्हणाला, "अब्बा, एक सांगू का? चौपट ताकदीचं इंजिन टाकलं अन् त्याले लादून लादून पयल्यासारखं अडकवलं. त्यापेक्षा तो जुना प्रोसेसरच परत बसवून देतो. आपोआप अडकते. एवढा खटाटोप कायले?"

इस्माईलभाईंनी मुलाकडे फार मायेने आणि थोड्या कीवेने पाहिलं.

"बेटा," ते म्हणाले, "जुन्यानं एवढ्या सवाऱ्या ओढल्या असत्या का?"

खालिदने जुना प्रोसेसर उचलून खणात टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किन्हीराजाहून दौलतसिंग खुद्द खालिदच्या दुकानात येऊन उभे राहिले. इस्माईलभाई तिथेच खुर्ची टाकून बसले होते. बिल्ला छातीवर होता आणि छाती दुकानाच्या दाराइतकी झाली होती.

"ड्रायव्हरसाहेब, मानलं तुमाले," दौलतसिंग म्हणाले. "जे इंजिन तुमी टाकलं तेच मलेबी पायजे."

खालिद खरं काय ते सांगायच्या बेतात होता. पण इस्माईलभाईंनी हात वर करून त्याला थांबवलं, दौलतसिंगांना शेजारी बसवलं आणि चहा मागवला.

"घ्या, बेशक घ्या," ते म्हणाले. "पयले आठ दिवस चाळीसच्या वर नेऊ नका. अन् खाली गाडी कधीच चालवू नका. पण एक ध्यानात ठेवा, दौलतसिंग. तुमचा ट्रक हाय. तुमाले कव्वाली अन् लग्न चालणार नाई. तुमाले माल भरा लागते."

दौलतसिंगांनी गंभीरपणे मान हलवली, आणि खालिदकडे वळून विचारलं, "मालात काय काय हाय तुह्याकडं?"